फोडलेली जाळी

"दोन्ही एकदमच करू," सर म्हणाले. "आधी पित्ताची पिशवी काढायची, मग बेंबीचा हर्निया शिवायचा, त्याला आतून जाळी लावायची. एकच भूल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी."

मंगलाबाईनं पदर सारखा केला. "एकदाच काय ते उरका डॉक्टरसाहेब. दोन-दोनदा झोपायला मला कोण रजा देतंय."

गोरक्ष दाराशी उभा होता. अंगात हिरवे कपडे, डोक्यावर टोपी. पेशंटचा नवरा म्हणून बोलावलं होतं, पण बस असं कोणी म्हटलं नाही. पेठ रोडवरच्या त्या तीस खाटांच्या हॉस्पिटलात तो एकवीस वर्षं ऑपरेशन थिएटरात कामाला होता. पेशंट टेबलावर घेणं, हत्यारं उकळायला लावणं, पाकिटं फोडून देणं, रक्त पुसणं, पेशंट टेबलावरून खाली घेणं. वय त्रेपन्न. मस्टरवर अजून 'ओटी बॉय'. त्रेपन्न वर्षांचा बॉय. अशी पोरं आपल्या हॉस्पिटलांतच पैदा होतात.

"सर," तो म्हणाला, "पिशवी आतून खराब निघाली तर?"

"सोनोग्राफीत शांत आहे रे. नुसते खडे आहेत."

"तरी पण. पित्त सांडलं तर?"

डॉक्टर रविराजांनी पेन खाली ठेवलं. "गोरक्ष, दोन्ही एकत्र केलेल्या अशा केसेस तू किती बघितल्या असशील?"

"साठ-सत्तर."

"काय झालं त्यांना?"

"काही नाही."

"मग झालं तर."

सर खोटं बोलत नव्हते. पिशवी शांत असेल, पोटात घाण सांडली नसेल, तर दोन्ही एकत्र करायला हरकत नाही. गोरक्षनं हे पुस्तकात वाचलं नव्हतं, डोळ्यांनी बघितलं होतं. ती साठ-सत्तर माणसं आज भाकरी थापत होती, ट्रॅक्टर चालवत होती, भांडत होती. त्यातलं एक माणूस नव्हतं. ते मोजायचं नाही असं ठरलं होतं. कोणी ठरवलं विचाराल, तर कोणीच नाही. असल्या गोष्टी ठरवायला मीटिंग घ्यावी लागत नाही.

तो बाहेर आला तेव्हा थिएटरसमोरच्या बाकावर कुसाबाई बसली होती.

सकाळचे अकरा. कॉरिडॉरमध्ये ऊन आलेलं. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, पोटाशी दुमडून धरलेला टॉवेल, टॉवेल ओला. चार वर्षांपूर्वी मेलेली बाई, पण नंबर लागायची वाट बघणाऱ्या कुठल्याही पेशंटसारखी बसलेली. तेजल सिस्टर मोबाइल बघत आली आणि बाकावर टेकली. कुसाबाईनं सरकून तिला जागा दिली.

गोरक्ष मान खाली घालून पुढं गेला. दोन्ही एकत्रची केस लागली की ती यायची. आता घरचीच केस होती.

*

कुसाबाई पेठकडची, डोंगरातल्या पाड्यावरची. भात-नागली घरात आली की नवऱ्यामुलासोबत द्राक्षाच्या कामाला खाली उतरायची. तिथंच बागेत तिच्या पोटात कळ आली. सरकारी योजनेच्या कार्डावर या हॉस्पिटलात आली. पित्ताची पिशवी आणि बेंबीचा हर्निया. त्या दिवशी यादीत पाच ऑपरेशनं होती. तिचा नंबर चौथा.

लांब यादी असली की थिएटरात एक रीत असते. ती कुठं लिहिलेली नसते. पुढं लागणारं सामान आधीच काढून ठेवायचं. सर्जननं हात पुढं केला की वस्तू हातात पडली पाहिजे, शोधाशोध झाली की आईबापाचा उद्धार. म्हणून पिशवी अजून पोटातच असायची तेव्हा गोरक्ष जाळीचं पाकीट फोडून जाळी ट्रॉलीवर टाकायचा. कोणी हुकूम दिला नव्हता. कौतुक मात्र व्हायचं. "याला माझ्या मनातलं कळतं," सर नव्या डॉक्टरांना सांगायचे, आणि गोरक्षला ते गोड लागायचं. हे लिहिलंच पाहिजे. गोड लागायचं.

कुसाबाईची पिशवी पिकलेली निघाली. रबरी हातमोज्याला गाठ मारून त्याची थैली करतात, तीत घालून ती बेंबीतून ओढून घेताना मोजा फाटला. पू आणि पित्त आत सांडलं. थिएटरभर वास सुटला.

"जाळी नको आज," सर म्हणाले. गोरक्षनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. "नुसते टाके घेऊ. जाळीचं पुढं बघू."

मग त्यांची नजर ट्रॉलीवर गेली. पांढरी, तळहाताएवढी जाळी तिथं पडली होती.

"फोडली का रे?"

"हो सर."

फोडलेली जाळी परत पाकिटात जात नाही. फेकली तर का फेकली, याचा खुलासा योजनेच्या कागदावर लिहावा लागतो. पाचवा पेशंट बाहेर स्ट्रेचरवर पडलेला. सरांनी घड्याळ बघितलं.

"फोडलीच आहे तर टाकून घेऊ. धुवा चांगलं."

धुतलं. टाकली.

घाणीत ठेवलेल्या जाळीच्या विणीत जंतू घर करतात, औषध तिथवर पोचत नाही. अकरा महिने कुसाबाईच्या बेंबीतून पाणी वाहत राहिलं. दर तिसऱ्या दिवशी ती एसटीनं यायची, कधी मुलगा लखन सोबत असायचा, कधी एकटी. ड्रेसिंग गोरक्ष करायचा.

"दादा, आज जरा कमी हाय ना?"

"कमी आहे मावशी."

कमी नसायचं. शेवटी जाळी काढायला पोट पुन्हा उघडलं, तोवर विष रक्तात भिनलं होतं. मृत्यूचं कारण चार ओळी इंग्रजीत लिहिलं. त्या चार ओळींत जाळी कुठं नव्हती.

त्यानंतर गोरक्षनं पाकीट आधी फोडलं नाही. सगळ्यांना वाटलं, म्हातारा होत चालला, हात मंदावला.

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तो पंचवटीतल्या भाजीबाजारात गेला. मंगलाबाई मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होती. शेजारी सरुबाई लसणाचा ढीग घेऊन बसलेली.

"आले का ओटीवाले," सरुबाई म्हणाली. "मंगल, तुझं बरंय बाई. घरचाच माणूस आत. आम्हाला तर कोण आत घेणार, कोण बाहेर काढणार."

"घरचा माणूस काय दिवे लावणार गं. ह्यांना घरात चाकू कुठंय ते सापडत नाही."

"मंगल, बोलायचंय," गोरक्ष म्हणाला.

"बोला की. मेथीसमोर लाजता काय."

सरुबाईनं दोघांकडे बघितलं, उठली आणि चहा सांगायला म्हणून लांबच्या टपरीवर गेली. गोरक्ष पोत्यावर उकिडवा बसला आणि सांगायला लागला. मंगलाबाईचे हात थांबले नाहीत. जुडी उचलायची, पिवळी पानं खुडायची, जुडी ठेवायची. मध्येच एक बाई स्कूटरवरूनच ओरडली, "मेथी ताजी आहे का?"

"आत्ताच आलीये. खाली उतरून बघा." ती बाई न उतरताच निघून गेली. "पुढं?"

"पुढं काय. मेली."

"जाळी तुम्ही फोडली."

"मी फोडली."

"डॉक्टर नको म्हणाले होते."

"आधी नको म्हणाले होते."

"मग तुम्ही म्हणायचं होतं, फेकतो म्हणून."

"मी कोण म्हणणार? ओटी बॉय आहे मी."

मंगलाबाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "बॉय," ती म्हणाली. "मिशा पांढऱ्या झाल्या."

त्यानं एक जुडी उचलली आणि परत ठेवली.

"तिच्या घरी सांगितलं?"

"नाही."

"चार वर्षं?"

"मंगल, माझं ऐक. तू आधी नुसती पिशवी काढून घे. हर्नियाचं नंतर बघू."

"म्हणजे तुमच्या जिवाला गार वाटावं म्हणून मी दोनदा पोट फाडून घेऊ?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "चार वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवलात. आणि आज मला का सांगताय? मी तिची कोण लागते?"

चहा आला. कोणी घेतला नाही.

"दोन्हीच करायचं," शेवटी मंगलाबाई म्हणाली. "पाकीट तुमच्या हातात राहील. पिशवी बाहेर पडून आत सगळं साफ आहे असं तुमच्या डोळ्यांना दिसल्याशिवाय फोडायचं नाही. डॉक्टरचा बाप सांगायला आला तरी नाही. एकवीस वर्षांत एवढं एक काम करा."

*

"तू बाहेर थांब आज," सर म्हणाले. "तुझ्या जागी किशोर आहे ना."

"जाळी माझ्याकडे राहू द्या सर."

सरांनी मास्कवरून त्याच्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि हात धुवायला गेले.

मंगलाबाई टेबलावर पडली होती. मनगटातून न निघालेल्या दोन बांगड्यांवर तेजल सिस्टरनं चिकटपट्टी लावली होती. पोटावर निळं कापड, कापडाला मध्ये भोक, भोकातून दिसणारं पोट कोणाचंही असू शकलं असतं. गोरक्षनं आजवर हजारो पोटं बघितली होती. हे पोट त्याला ओळखू येत होतं, आणि ते नको होतं.

दुर्बिणीच्या पडद्यावर पिशवी दिसायला लागली. शांत नव्हती. यकृताला अशी चिकटली होती की सुटता सुटेना. सोनोग्राफी शेवटी बाहेरून बघते. सर सावकाश सोडवत होते, हात चांगला होता त्यांचा, तो कधीच वाईट नव्हता. तरी एका ठिकाणी पिशवी फाटली आणि आतलं बाहेर आलं. पित्त हिरवट-पिवळं असतं. हे मळकं होतं, वर पांढरट गुठळ्या तरंगत होत्या.

"सक्शन," सर म्हणाले. "पाणी सोडा."

तेव्हा कुसाबाई आत आली. आजवर ती बाकाच्या पुढं आली नव्हती. चपला बाहेर काढून आली होती. टेबलाच्या पायाशी उभी राहिली आणि सगळे बघत होते तिकडंच, पडद्याकडं, बघायला लागली.

पिशवी निघाली. धुणं झालं, पुन्हा धुणं झालं. सरांनी हात मागं केला.

"चला. थोडंच सांडलंय. जाळी दे गोरक्ष."

पाकीट त्याच्या हातात होतं. बंद.

"नाही देत सर."

"काय?"

"धुवून टाकून घेऊ असं तिच्या वेळीही म्हणालो होतो आपण."

"कोणाच्या?"

"कुसाबाईच्या."

चार वर्षांत ते नाव थिएटरात पहिल्यांदा निघालं. भूल देणाऱ्या मोहिनी मॅडम मॉनिटरकडे टक लावून बसल्या, जणू आकडे आत्ताच वाचायला शिकल्या. किशोरनं उगाच ट्रॉली पुसली.

"ते वेगळं होतं," सर म्हणाले. "तिथं पू होता."

"मग हे काय आहे सर?"

सर पडद्याकडे बघत राहिले. कपाटात आणखी जाळ्या होत्या. त्यांनी किशोरला नुसती मान हलवली असती तरी नवं पाकीट फुटलं असतं, आणि गोरक्षला दंडाला धरून बाहेर काढायला दोन वॉर्डबॉय पुरले असते. हे सरांना माहीत होतं. गोरक्षलाही.

"टाके दे," सर तेजलला म्हणाले. "नुसतेच टाके."

गोरक्षची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. त्याचं म्हणणं, सरांचं म्हणणं, निर्णय, सगळं मिळून दीड मिनिट झालं असेल. दीड मिनिट. आरडाओरडा झाला नाही, नोकरी गेली नाही, छत कोसळलं नाही. चार वर्षं तो स्वतःला समजावत आला होता की आपण काय करणार, आपल्या हातात काय होतं. दीड मिनिटाचं काम होतं. जीभ उचलायचं.

तो सिलिंडरला धरून उभा राहिला. टेबलाच्या पायाशी कुसाबाई तशीच होती. आता ती पडद्याकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती.

*

"झालं का दोन्ही?" संध्याकाळी मंगलाबाईनं विचारलं. जीभ अजून जड होती.

"एकच. पिशवी खराब निघाली. बेंबीला नुसते टाके आहेत, ते टिकतील असं नाही. सहा महिन्यांनी जाळी लावावी लागेल."

"तुम्ही फोडली नाही?"

"नाही."

तिनं सलाइनच्या बाटलीकडे बघितलं.

"म्हणजे परत झोपायचं."

"हो."

"मी झोपते परत. तुम्ही जा."

"कुठं?"

"कुठं ते मला विचारू नका," मंगलाबाई म्हणाली आणि डोळे मिटले. "इथून एसटी जाते."

ती परत मेथी घेऊन बसायला लागली त्या आठवड्यात गोरक्ष गेला. पेठच्या गाडीनं एका फाट्यावर उतरला, पुढं तासभर चढ चढला. पाडा म्हणजे दहा-बारा घरं. प्रत्येकासमोर सारवलेलं खळं, खळ्यात नागलीची कणसं बडवायचं काम चाललेलं. सगळीकडून धप-धप असा आवाज.

लखननं त्याला लांबूनच ओळखलं. हातातलं दांडकं टाकून पुढं आला.

"ड्रेसिंगवाले दादा ना तुम्ही? बसा. मंगळवारी आम्ही द्राक्षाला निघणार, बरं झालं आज आलात." त्यानं बाज ओढली, पाणी आणलं. "आईचं लय केलं तुम्ही. आम्ही घरात अजून नाव काढतो."

गोरक्षनं पाणी खाली ठेवलं. उभ्यानंच सगळं सांगितलं. यादी, पाकीट, फाटलेला मोजा, सर काय म्हणाले, मग काय म्हणाले. सांगताना मधूनमधून लखन एवढंच विचारत होता, "जाळी म्हंजे?" किंवा "तुम्ही व्हते तिथं?" संपलं तेव्हा त्यानं दांडकं उचललं. गोरक्ष हलला नाही. मारलं असतं तर त्याला चाललं असतं, आणि तेही लखनला कळलं असावं. त्यानं दांडकं भिंतीला टेकवून ठेवलं.

"तुमच्या डॉक्टरनं तवा आम्हाला सांगितलं, आठव्या दिवशी वजन उचललं म्हणून टाके सडले."

गोरक्षला आठवलं. ड्रेसिंग रूममध्येच सांगितलं होतं. तो हातात कापसाचा बोळा धरून उभा होता आणि त्यानं मान डोलावली होती.

"त्या दिवशी बापाला ताप व्हता," लखन म्हणाला. "त्यानं तिला झऱ्यावरून हंडा आणायला लावला. तिनं आणला. ती गेल्यापासून बाप झऱ्याचं पाणी पीत नाय. झरा हा इथं, पावलावर. तो दुसऱ्या पाड्यावरून आणतो. स्वतःपुरता. चार वर्षं."

खळ्याच्या कडेला एक म्हातारा सूप घेऊन नागली पाखडत बसला होता. रावजी, लखनचा बाप. एवढं बोलणं झालं तरी त्यानं वर बघितलं नव्हतं.

"मला सांगून काय उपेग नाय," लखन म्हणाला. "त्याला सांगा. पण त्याला कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांगावं लागंल."

गोरक्ष म्हाताऱ्यासमोर जाऊन उकिडवा बसला.

"बाबा, मी नाशिकवरून आलो."

"आं?"

"नाशिकवरून. दवाखान्यातून."

"काय म्हणतो?" रावजींनी लखनकडे बघितलं. लखन मध्ये पडला नाही.

गोरक्षनं छाती भरून श्वास घेतला. एकवीस वर्षं ज्या खोलीत कुजबुजत बोलायचं असतं, तिथं काढलेला तो माणूस. त्याचा आवाज फाटला.

"जाळी मी फोडली. टाकायची नव्हती. मी आधीच फोडली होती म्हणून टाकली. त्यानं गेली कुसाबाई. हंड्यानं नाही."

शेजारच्या खळ्यातली धप-धप थांबली. मग पलीकडची. एक बाई पिठाच्या हातांनी दारात आली, तिच्यामागं आणखी कोणी. डोंगराकडून शेवटचं 'नाही' परत आलं आणि विरलं.

रावजींनी सूप खाली ठेवलं. नागलीचे दाणे त्यांच्या मांडीवर पसरले, ते त्यांनी झटकले नाहीत.

"हंड्यानं नाय?"

"हंड्यानं नाही, बाबा. पाण्याचा काही संबंध नव्हता."

म्हाताऱ्यानं डोक्याचं फडकं सोडलं, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि बसल्या जागी सगळं अंग वळवून डावा कान गोरक्षच्या तोंडासमोर आणला.

"ह्या कानानं येतं थोडं," रावजी म्हणाले. "परत सांग. पयल्यापासून सांग."

गोरक्ष मांडी घालून जमिनीवर बसला. घसा साफ केला.

"त्या दिवशी पाच ऑपरेशनं होती," तो ओरडून म्हणाला. "कुसाबाईचा नंबर चौथा होता."